खान्देशाची राजधानी बघून या

सुट्ट्या लागल्या की वरणगाव-भुसावळकडच्या आपल्या घरांत आग्रा, दिल्ली, अजमेरचे बेत ठरतात. परदेशी गेलेल्या नातेवाइकांकडून लंडन-पॅरिसचे फोटोही मोबाईलवर येतात. पण आपल्या खान्देशालाही स्वतःची राजधानी होती आणि ती रावेरच्या पुढे लगेच आहे, हे किती पोरांना माहीत आहे? ती म्हणजे बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात मोडतं, म्हणून आपल्याला परकं वाटतं, एवढंच.

खान्देशावर दोनशेहून जास्त वर्षं फारुकी घराण्याचं राज्य होतं. हे लोक स्वतःला हजरत उमर फारुक (रजि.) यांचे वंशज म्हणवत. घराण्याचा संस्थापक मलिक राजा याचं ठाणं आपल्या धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला होतं. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि तापीकाठी नवं शहर वसवलं. शहराला नाव दिलं ते हजरत बुरहानुद्दीन गरीब (र.अ.) यांचं, आणि नदीपलीकडच्या वस्तीला हजरत जैनुद्दीन शिराजी (र.अ.) यांचं. दोघांचेही मजार खुलताबादला आहेत. खुलताबादची जियारत करून आलेल्यांना बऱ्हाणपूर आणि जैनाबाद ही नावं ऐकताच ओळख पटेल.

आमचं मत विचाराल तर सर्वांत आधी जामा मशीद बघा. राजा अली खान म्हणजेच आदिल शाह फारुकीने ती बांधली. समोर एका रांगेत पंधरा कमानी आहेत, दोन्ही टोकांना उंच मिनार, आणि वर घुमट नाहीच, छत सपाट आहे. मात्र खरी बघायची गोष्ट आत भिंतीवर आहे. तिथे अरबी शिलालेखासोबत एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. सुरुवातीला सृष्टी निर्माण करणाऱ्याला वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ, आणि तारीख संवत 1646, शके 1511, म्हणजे 1590 च्या सुरुवातीची. बादशाहाने आपल्या मशिदीत आपल्या रयतेच्या विद्वानांची भाषा कोरून घेतली. आज इतिहासावरून जी भांडणं चालतात, त्यात हा दगड कुणीच दाखवत नाही. पोरांना तिथे उभं करून तो दाखवा. मशीद नमाजाची आहे, तेव्हा जुम्म्याची वेळ टाळून जा आणि फोटो काढण्याआधी विचारा.

1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकींचं राज्य संपलं. पण बऱ्हाणपूरचं महत्त्व कमी झालं नाही. मोगलांच्या दख्खनच्या मोहिमांचा तळ इथेच पडला. 1615 मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेहून निघाला तेव्हा इथे थांबून शहजादा परवेजला भेटला होता. लंडनचा माणूस आपली राजधानी बघून गेला, आपण मात्र अजून गेलेलो नाही!

याच काळात, अब्दुर रहीम खानखानाच्या सुभेदारीत, कुंडी भंडारा तयार झाला. लोक त्याला खूनी भंडाराही म्हणतात. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचं आणि नुसत्या उतारावर शहरापर्यंत न्यायचं, अशी ती व्यवस्था आहे. पंप नाही, मोट नाही. बोगद्यावर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या आहेत. इराणात अशा कालव्यांना कनात म्हणतात, आणि हे कामही इराणी जाणकाराच्या हातचं मानलं जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाने तर हे बघायलाच हवं. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव आलं. पण बोगद्यात चुन्याचे थर साचतात, पाण्याची वाट अरुंद होत जाते. साफसफाई आणि जपणूक नुसत्या यादीने होत नाही. खाली उतरायला लिफ्ट आहे, पण ती चालू आहे का ते आधी विचारून घ्या.

शाही किल्ल्यातला हमाम आणि त्याच्या छतावरची रंगीत नक्षी सवडीने बघा. मुमताज महलचा इंतकाल 17 जून 1631 रोजी याच शहरात, चौदाव्या बाळंतपणात झाला. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्याच्या बागेत तिला आधी दफन केलं होतं, सुमारे सहा महिन्यांनी मय्यत आग्र्याला नेली. ताजमहालला गर्दी असते, इथे तुम्हाला बहुधा शांतताच मिळेल. दरगाह-ए-हकीमी शहराबाहेर आहे. बोहरा समाजाचं ते मोठं जियारतस्थान, अतिशय स्वच्छ राखलेलं.

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी पकडा. सावदा, रावेर मागे पडलं की बऱ्हाणपूर आलंच. स्वतःची गाडी असेल तर वरणगावहून मुक्ताईनगरमार्गे जा. असीरगड आणखी वीसेक किलोमीटर पुढे आहे. गडाची चढण म्हाताऱ्या माणसांना जड जाते, म्हणून तो वेगळ्या दिवसासाठी ठेवा. येताना मावा जिलेबी बांधून घ्या, आणि दराबाही.