बाळंतिणीची धडधड अंगावर काढू नका

"बाळंतपणात असं व्हायचंच!" हे वाक्य आम्ही वस्तीत कितीदा ऐकले आहे. मागे शेजारची सून महिन्याची बाळंतीण असताना छातीत धडधडते म्हणाली. सासूबाईंनी अशक्तपणा म्हणून सोडून दिले. आम्ही घड्याळ लावून नाडी मोजायला सांगितली. मिनिटाला 118 ठोके. दवाखान्यात नेले, तेव्हा अंगात रक्त फारच कमी निघाले.

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला 60 ते 100 असते. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते, म्हणून ठोके 10 ते 20 वाढतात. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते उतरतात. न उतरल्यास कारण शोधावे : रक्तक्षय, जंतुदोषाचा ताप, थायरॉईडचा बिघाड. बाळंतिणीला पाणी कमी देण्याच्या जुन्या चालीनेही नाडी वाढते. क्वचित हृदयाचा स्नायूच दुबळा होतो. हा आजार बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत उद्भवू शकतो.

आडवे पडल्यावर दम लागणे, पायांना सूज, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, अंगावरून जास्त जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास 108 क्रमांकावर फोन करावा. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला 42 दिवसांपर्यंत मोफत उपचार मिळतात. लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्याव्यात, पण चहाबरोबर नव्हे.

बंधूंनो, हे केवळ भगिनींसाठी नाही. मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर मोजायला पैसा लागत नाही, लक्ष लागते.