बंदीचे 61 दिवस आणि मनाची डागडुजी



1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंदीचे 61 दिवस. बोटी काठाला लागल्यात, इंजिनं उघडून ठेवलीत, शेडमध्ये जाळी सांधायचं काम चालू आहे. बोटीची डागडुजी आपण दरवर्षी न चुकता करतो. फळी सुटली का, पंखा वाकला का, रंग कुठे उडाला, सगळं बघतो. मनाची डागडुजी मात्र कोणी करत नाही. आणि खरं सांगायचं तर याच दोन महिन्यांत मन जास्त बिघडतं. हाताला काम नसतं, कर्जाचा हप्ता थांबत नाही, मुलांच्या शाळेचा खर्च नेमका आत्ताच येतो. माणूस दिवसभर घरात, मग शब्दाने शब्द वाढतो आणि संध्याकाळी बाटली उघडते. हे वाड्यावाड्यावर घडतं आणि आपण त्याबद्दल बोलत नाही. म्हणून आज हा विषय घेतोय.

पॉझिटिव्ह सायकॉलॉजी म्हणजे काय?

1998 साली मार्टिन सेलिग्मन हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी मुद्दा मांडला की मनाच्या आजारांचा अभ्यास खूप झाला, आता माणसाचं बरं कशामुळे चालतं तेही तितक्याच काटेकोरपणे तपासूया. त्यातून ही शाखा वाढली. मराठीत तिला सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात.

रोज सकाळी फोनवर येणाऱ्या फुलांच्या मेसेजशी याचा काही संबंध नाही. जाळं रिकामं आलं तरी हसत राहा, असं हे शास्त्र सांगत नाही. वाईट वाटलं तर वाटू द्यावं. पण त्याच दिवसात जे बरं घडलं तेही नजरेतून सुटू नये, इतकंच त्याचं म्हणणं.

मोठा हात लागला की सगळं ठीक होईल?

आपण सगळे हेच म्हणत आलोय. एकदा बांगड्यांचा मोठा थवा लागू दे, एकदा नवीन इंजिन येऊ दे, मग सुखच सुख. 1978 साली अमेरिकेत लॉटरीचं मोठं बक्षीस लागलेल्या 22 जणांचा अभ्यास झाला. त्यांच्याच भागातल्या साध्या लोकांपेक्षा ते फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. उलट गप्पा मारणं, नाश्ता करणं अशा रोजच्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी मजा वाटत होती.

कारण साधं आहे. मन सवय करून घेतं. नव्या इंजिनाचा आवाज पहिले पंधरा दिवस गाण्यासारखा वाटतो, मग तो नुसता आवाज होतो. पैसा लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पोटाची आणि हप्त्याची चिंता मिटली तर मन हलकं होतंच. पण टिकणारं समाधान रोजच्या लहान सवयींतून येतं.

पाच खांब

सेलिग्मन यांनी 2011 साली चांगल्या जगण्याचे पाच भाग सांगितले. आपल्या भाषेत ते असे:

1. बरं वाटणं. पहिल्या पावसानंतरचा चहा, नातवाचं हसू.
2. कामात रमणं. जाळं सांधताना दोन तास कसे गेले कळत नाही ना? मिहाय चिकसेंटमिहाय या शास्त्रज्ञाने याच अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. काम कौशल्याचं असलं, फार सोपं नाही आणि फार अवघडही नाही, की मन त्यात रमतं.
3. माणसं. हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास 1938 पासून चालू आहे. त्याच माणसांचं आयुष्य वर्षानुवर्षं तपासत गेल्यावर दिसलं की ज्यांची नाती उबदार होती ते म्हातारपणी जास्त सुखी आणि जास्त निरोगी राहिले.
4. अर्थ. आपण पकडलेल्या मासळीवर कितीतरी घरांची चूल पेटते. बोट संकटात असली की दुसरी बोट आपलं काम टाकून धावते. हे पगारात मोजता येत नाही.
5. काहीतरी पूर्ण करणं. मोठं काही नको, आज एक जाळं तयार झालं हेही पुरे.

रोज रात्री तीन गोष्टी

बऱ्याच अभ्यासांत तपासलेला उपाय हा. झोपण्याआधी दिवसभरात बऱ्या घडलेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते लिहायचं. 2005 साली सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी हे एक आठवडा केलं. सहा महिन्यांनंतरही त्यांचं समाधान वाढलेलं आणि उदासी कमी झालेली दिसली. यात एक मेख आहे. ज्यांनी आठवड्यानंतरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना जास्त फायदा झाला. नंतरच्या काही अभ्यासांत परिणाम याहून लहान निघाला. म्हणजे ही जादू नाही, सवय आहे.

लिहायचं कसं? उदाहरण देतो:

"इंजिनचा गळका पाइप सापडला. का? घाई न करता सगळं उघडून बघितलं म्हणून."
"मुलगी आपणहून येऊन शेजारी बसली. का? आज फोन बाजूला ठेवला होता."

"का" हा शब्द महत्त्वाचा. त्यातून कळतं की बऱ्या गोष्टींत आपल्या हाताचाही वाटा असतो. लिहिता येत नसेल तर जेवताना एकमेकांना तोंडी सांगा.

आभार मानायचे तर तोंडावर

त्याच अभ्यासात आणखी एक उपाय होता. ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायचं. याने आनंद सगळ्यात जास्त वाढला, पण काही महिन्यांत ओसरला. म्हणजे एकदा करून भागत नाही, अधूनमधून करायला हवं.

बोटमालकांना आमची विनंती. आपले बरेच खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून येतात आणि बंदीत घरी जातात. त्यांना पैशांच्या कामाशिवाय एक फोन करा. "त्या वादळात तू दोरी सोडली नाहीस म्हणून बोट वाचली," एवढं एक वाक्य बोला. नेमकं बोला, उगीच "थँक्यू" नको.

चांगली बातमी ऐकताना

बाजारातून आलेली घरवाली म्हणते, "आज सुक्या बांगड्यांची अख्खी पाटी खपली." आपण काय म्हणतो? फोनमधून डोकं वर न काढता "बरं". किंवा, "आणि उद्या खपली नाही तर?" शेली गेबल या संशोधिकेने जोडप्यांचा अभ्यास केला. चांगली बातमी सांगितल्यावर जोडीदार मनापासून रस घेतो, अशा जोडप्यांचं नातं जास्त घट्ट निघालं. तेव्हा वळून विचारा, "खरंच? कोणी घेतली एवढी? दर काय मिळाला?" याला एक पैसा लागत नाही.

आपल्या गोव्यातला एक धडा

पर्वरीच्या संगाथ संस्थेने गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्या लोकांशी, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ भेटींत बोलायचं, असा तो उपाय. तीन महिन्यांनी हा उपाय मिळालेल्या शंभरातल्या 64 जणांचं नैराश्य उतरलेलं होतं. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हा आकडा 39 होता.

त्या उपायाचा गाभा आपल्या कामाचा आहे. बरं वाटेल तेव्हा उठेन, असं म्हणत बसायचं नाही. आधी उठायचं, ठरलेलं एक लहान काम करायचं, मन मागून येतं. म्हणून बंदीतही दिवसाला आकार द्या. सकाळी ठरल्या वेळी शेडमध्ये जा, एकटं बसण्यापेक्षा चौघांत बसून जाळं सांधा, संध्याकाळचा एक तास घराला द्या.

जे याने होणार नाही

तीन गोष्टी लिहिल्याने कर्ज फिटत नाही, डिझेल स्वस्त होत नाही आणि मासळी वाढत नाही. त्या मागण्यांसाठी सोसायटीच्या बैठकीत भांडायचंच आहे. मन ताळ्यावर असलं तर भांडणही नीट करता येतं.

आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, झोप-जेवण उडालं असेल, कशातच रस नसेल, दारू आवरत नसेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर वही पुरणार नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात जा किंवा टेलीमानसच्या 14416 या नंबरवर फोन करा. तो विनामूल्य आहे, 24 तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. इंजिन बंद पडलं तर आपण मेकॅनिक बोलावतोच, त्यात लाज कसली?

आज रात्रीपासून सुरुवात करूया. मुलांच्या जुन्या वहीची कोरी पानं घ्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत रोज तीन ओळी लिहा. दर्याला नारळ अर्पण करून बोट पाण्यात लोटाल, त्या दिवशी ती वही घरच्यांसोबत एकदा वाचून काढा.