भारतीय मिश्र व्हिस्कीतील माल्ट

मिश्र व्हिस्की म्हणजे माल्ट व्हिस्की आणि तिच्यापेक्षा सौम्य चवीचे दुसरे मद्य यांचे मिश्रण होय. स्कॉटलंडमध्ये हे दुसरे मद्य धान्यापासून केलेली व मुरवलेली व्हिस्की असते. भारतात त्याची जागा बहुधा मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला चवरहित मद्यार्क घेतो. दोन्हीकडे मिश्रणाला स्वाद व गंध प्रामुख्याने माल्टमुळे येतो. परंतु या फरकामुळे बहुतेक भारतीय मिश्रणांना युरोपीय संघात ‘व्हिस्की’ या नावाने विकता येत नाही.

स्कॉच मिश्रणाची घडण

एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणून वाळवलेल्या सातूपासून (बार्ली) आणि तांब्याच्या पात्रात ऊर्ध्वपातन करून बनवलेल्या व्हिस्कीला सिंगल माल्ट म्हणतात. इनिअस कॉफी यांनी १८३० मध्ये सलग चालणाऱ्या स्तंभ-भट्टीचे पेटंट घेतले. या भट्टीमुळे धान्यापासून हलकी व स्वस्त व्हिस्की मोठ्या प्रमाणावर मिळू लागली आणि ती माल्टमध्ये मिसळण्याची प्रथा रूढ झाली.

मिश्रणात अनेक डिस्टिलरींचे माल्ट असतात. जॉनी वॉकरमध्ये कार्डू, क्लायनेलिश, कल ईला व ग्लेनकिंची, शिवास रीगलमध्ये स्ट्रॅथआयला, तर टीचर्समध्ये आर्डमोर हे माल्ट महत्त्वाचे मानले जातात. कल ईलासारख्या माल्टमधून धुराचा गंध येतो, तर स्पेसाइड भागातील माल्टमधून फळांसारखी गोडी येते. प्रत्येक घटक ओक लाकडाच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवणे बंधनकारक आहे.

भारतीय मिश्रण

भारतात स्वस्त प्रकारांत मळीच्या मद्यार्काचा वाटा मोठा असतो. महाग प्रकारांत भारतीय माल्टबरोबर आयात केलेले स्कॉच माल्टही वापरतात. १९९५ मध्ये बाजारात आलेली रॉयल स्टॅग हे त्याचे परिचित उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. त्यामुळे भारतीय मिश्रणांसाठी घाऊक स्वरूपात येणारे स्कॉच माल्ट हे एकाहून अधिक डिस्टिलरींच्या माल्टचे मिश्रण असते.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्रात साखर कारखान्यांमुळे मळी मुबलक मिळते आणि अनेक कारखान्यांना जोडून आसवनी प्रकल्प आहेत. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये (स्थापना १९७५) साखरेबरोबरच मद्यार्क तंत्रज्ञानाचे शिक्षण व संशोधन चालते. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी येथे परनो रिकार या फ्रेंच कंपनीची डिस्टिलरी असून, कंपनीने २०२२ मध्ये लाँजिट्यूड ७७ ही भारतीय सिंगल माल्ट बाजारात आणली.

मिश्र व्हिस्कीच्या व्यवसायातून सिंगल माल्टकडे वळण्याचे ठळक उदाहरण गोव्यात आढळते. ओरिजिनल चॉइस या स्वस्त व्हिस्कीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जॉन डिस्टिलरीज या कंपनीने २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये पॉल जॉन ही सिंगल माल्ट सादर केली. ती गोव्यात भारतीय सातूपासून तयार होते. गोव्यातील उष्ण हवेत व्हिस्की लवकर मुरते. मात्र पिंपांतून होणारे बाष्पीभवनही स्कॉटलंडच्या कित्येक पट असते. तेथे ही घट वर्षाला साधारण २ टक्के धरली जाते. यामुळे भारतीय माल्ट दीर्घकाळ मुरवणे खर्चिक ठरते.

नावाचा प्रश्न

‘व्हिस्की कशाला म्हणावे’ हा वाद स्कॉटलंडलाही नवा नाही. माल्ट उत्पादकांचा धान्याच्या व्हिस्कीला विरोध होता. परंतु ब्रिटनच्या शाही आयोगाने १९०९ मध्ये धान्याची आणि मिश्र, अशा दोन्ही व्हिस्की ग्राह्य ठरवल्या. मळीला मात्र हे स्थान मिळाले नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्यापासूनच केलेली आणि किमान ३ वर्षे लाकडी पिंपात मुरवलेली असावी लागते. भारतीय सिंगल माल्ट ही अट पूर्ण करू शकते.

भारत व ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के आयातशुल्क प्रथम ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. त्यामुळे भारतीय मिश्रणांत वापरले जाणारे आयात माल्ट स्वस्त होऊ शकते. त्याच वेळी भारतीय सिंगल माल्टला देशातच अधिक स्पर्धेला तोंड द्यावे लागेल.