कारखान्याची जमीन का तडकते?

काचेच्या गार पेल्यात एकदम कढत चहा ओतला, की कधी कधी पेला तडकतो. असे का होते? चहा लागताच काच आतून तापते आणि फुगते. बाहेरची बाजू मात्र अजून गारच असते, ती फुगत नाही. एक बाजू वाढू पाहते, दुसरी तिला धरून ठेवते. या ओढाताणीत काच फुटते.

जमिनीचेही असेच आहे. आपल्या घरची जमीन सारवलेली असो की शहाबादी फरशीची, तिला एवढा ताण सोसावा लागत नाही. पण दुधाच्या डेअरीतली जमीन पाहा. तिथे यंत्रे आणि नळ धुवायला कॉस्टिक सोडा घातलेले ऊन पाणी वापरतात. हे पाणी ७० ते ८० अंश तापलेले असते. ते जमिनीवर सांडते. थोड्या वेळाने त्याच जागी गार पाण्याची नळी सोडतात. हे रोजचेच. त्यातून दूध सांडून आंबले, तर त्यातली आंबट सिमेंट खाते ती वेगळीच!

दहा मीटर लांबीचा सिमेंटचा कोबा ५० अंशांनी तापला, तर तो सुमारे ५ मिलिमीटर वाढतो. म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होणार? पण कोबा सगळा एकदम तापत नाही. आधी वरचा पापुद्रा तापतो, खालचा भाग गारच राहतो. पेल्याची गोष्ट आठवा.

पुष्कळ ठिकाणी कोब्यावर एपॉक्सी नावाच्या रंगासारख्या पदार्थाचा पातळ थर देतात. दिसायला तो छान, चकचकीत. कोरड्या गोदामात तो चांगला टिकतोही. पण तापला की तो सिमेंटपेक्षा कितीतरी जास्त वाढतो, आणि गार झाला की तितकाच आक्रसतो. साधा एपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊच पडू लागतो. मग त्याचे पोपडे निघतात. डेअरीत असा थर देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे आम्हाला वाटते.

पैसे गेले तर गेले, खरी भीती पुढेच आहे. पोपड्याखाली पाणी आणि दूध साचते. तिथे झाडू पोचत नाही, औषधही पोचत नाही. लिस्टेरिया नावाचा एक जंतू तर गारठ्यातही वाढतो. तो अन्नातून गरोदर बाईच्या पोटात गेला, तर गर्भपात होऊ शकतो. जमिनीतली भेग कुठे आणि ते बाळ कुठे!

मग उपाय काय? पॉलियुरेथेन नावाचा चिकट पदार्थ, सिमेंट आणि वाळू यांचे मिश्रण करतात. तापल्यावर ते जवळजवळ खालच्या कोब्याइतकेच वाढते. त्यामुळे दोघांत भांडण होत नाही. त्याचा थर जाड देतात, बहुधा ६ ते ९ मिलिमीटर. थर जाड असला की वरची धग सांध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. शिवाय तो थोडा खरखरीत ठेवतात, म्हणजे ओल्यात पाय घसरत नाही. गवंडी आणखी एक गोष्ट करतो. भिंतीच्या कडेने आणि गटाराच्या काठाने तो जुन्या कोब्यात खाच पाडतो. ती थराच्या जाडीच्या दुप्पट खोल असते. मिश्रण त्या खाचेत घट्ट बसते. पोपडा सुटायला लागतो तो काठापासूनच, बरं का!

शीतगृहाचा त्रास निराळाच. आत शून्याखाली १८ अंश, कधी त्याहूनही गार. हा गारठा हळूहळू जमिनीखालच्या मातीत उतरतो आणि मातीतले पाणी गोठते. पाण्याचे बर्फ झाले की ते सुमारे नऊ टक्के फुगते. खालून आणखी पाणी वर ओढले जाते, तेही गोठते. काही वर्षांत सगळी जमीन वर उचलली जाते आणि मालाचे उंच मांडे कलतात. म्हणून जमिनीत गारठा अडवणारा जाड थर घालतात. त्याच्याखाली हवा खेळती ठेवणारे नळ किंवा ऊब देणाऱ्या तारा बसवतात. बर्फासारख्या खोलीला खालून शेक द्यायचा, ऐकायला गंमत वाटते. पण तो द्यावाच लागतो.

आणि लोखंड ओतण्याचे कारखाने? कोल्हापूरकडे असे कारखाने पुष्कळ आहेत. ओतायच्या लोखंडाचा रस तेराशे अंशांच्याही वर तापलेला असतो. तिथे वरचे कोणतेच मिश्रण टिकत नाही, आणि उघडा कोबा तर फारच धोक्याचा. वाळलेल्या कोब्यातही थोडी ओल असतेच. तिच्यावर रस सांडला, की तिची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पट जागा मागते. कोब्याच्या कपच्या बंदुकीच्या गोळीसारख्या उडतात. तापलेला रस कामगाराच्या पायांवर येतो. म्हणून जिथे रस ओततात, तिथे जमिनीवर कोरड्या वाळूचा जाड थर पसरतात. रस सांडला तर वाळूत थिजतो. आणि ती वाळू ओली झालेली दिसली, तर ती बदलल्याशिवाय ओतकाम सुरू करत नाहीत.