तीन नट आणि एक ओवाळणी

लहान मोटार बाळगणाऱ्याने दोन गोष्टींची सवय करून घ्यावी : लोकांचे हसणे आणि बायकोचे माहेर. दोन्ही टळत नाहीत.

आमची मोटार नॅनो. २००९ साली ‘लाखाची गाडी’ म्हणून तिचा केवढा गाजावाजा झाला! आम्ही ती २०१० मध्ये घेतली. २०१८ मध्ये ती कारखान्यातून निघायचीच थांबली आणि हळूहळू रस्त्यावरही दिसेनाशी झाली. तेव्हापासून ‘बाबा, आता विका ही,’ असा चिरंजीवांचा धोशा.

२०२२ ची भाऊबीज. दरवर्षी पुण्याला येणाऱ्या सांगलीच्या मेव्हण्यांचे नुकतेच ऑपरेशन झालेले. भाऊ येऊ शकत नाही म्हणून बहीण निघाली. “ओवाळल्याशिवाय तो जेवायचा नाही हो,” एवढेच ती वाटेत दोनदा म्हणाली. पेठ नाक्याला महामार्ग सोडून इस्लामपूरच्या रस्त्याला लागलो आणि गाडी डाव्या अंगाला कलली. उतरून पाहतो तो मागचे चाक पार बसलेले!

नॅनोचे सारेच उलटे. इंजिन मागे आणि स्टेपनी पुढे, नाकाखाली. तिच्यावर सौ.ने फराळ रचलेला. चिवडा, लाडू, चकल्यांचे डबे रस्त्याकडेला मांडले, तर एक मोटारसायकलवाला थांबून विचारतो, “चकली कशी किलो?”

स्टेपनी निघाली तीही मलूल. कित्येक वर्षांत तिची हवा पाहिली नव्हती. दोष सर्वस्वी माझा. नशिबाने पायपंप होता. शिवाय ही स्टेपनी पुढच्या चाकाच्या मापाची, १३५ मिलिमीटर रुंद. मागचे टायर १५५ चे. म्हणजे एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल! अशी गाडी जवळच्या दुकानापर्यंतच न्यावी, तीही सावकाश.

हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, पुढच्या चाकाला दगड लावला. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅकवर चढवून हिसके दिले तर गाडी घसरते. नॅनोच्या चाकाला नट तीनच. काम लवकर होते, पण एक गवतात गेला तर भाऊबीज तिथेच! सौ.ने काही न बोलता ओवाळणीचे ताट पुढे केले. सुपारीशेजारी तिन्ही नट ठेवले. चाक बसवले, गाडी खाली घेतली आणि मग नट पुन्हा घट्ट आवळले.

इस्लामपुरात पंक्चरवाला दुकान बंद करून बहिणीकडे निघालेला. त्याने चाकाकडे पाहिले. “काय वो साहेब, चौथा नट वाटंत पडला का?” मग सौ.च्या हातातले ताट दिसले आणि त्याने पुन्हा कुलूप काढले. “ताई, बसा. तुमची बी ओवाळणी चुकाय नगं.” खिळा बैलाच्या पत्रीचा निघाला, उसाचा हंगाम तोंडावर आलेला, बैलगाड्यांची वर्दळ सुरू झालेली. टायर ट्यूबलेस, त्यामुळे खिळा उपसून भोकात रबरी दोरी दाबून बसवली की झाले. पैसे त्याने नेहमीचेच घेतले. लाडू मात्र दोन घेतले.

बसल्या बसल्या आठवले, याच मुलखात, इचलकरंजीला, शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवण्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. ती कधी विक्रीला आली नाही. चार माणसांच्या घराला परवडेल अशी गाडी असावी, हे स्वप्न आमच्या नॅनोहून जुने आहे!

आष्ट्यावरून सांगलीला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मेव्हणे खरेच उपाशी होते. ताटातला काळा डाग पाहून ते हसले, आणि ओवाळताना बहिणीचे डोळे भरून आले.

रात्री चिरंजीवांचा फोन. “बाबा, दगा दिला ना शेवटी? आता तरी विका!”

सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला. “गाडीने नाही रे, खिळ्याने. गाडी राहू दे. तुझ्या बाबांना तेवढं स्टेपनीत हवा भरायला सांग!”