दार बंद होण्याआधीचा अर्धा तास

सकाळी ७.१५. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात. सरकारी वकील मॅडम ओट्यापाशी उभ्या राहून फाइलची लाल नाडी सोडतात. पोक्सोचा, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचा खटला. मुलीचे दोन जबाब आहेत, एक पोलिसांपुढचा, एक दंडाधिकाऱ्यांपुढचा. एकात ‘सायंकाळी’ लिहिलंय, दुसऱ्यात ‘शाळा सुटल्यावर’. बचावाचे वकील इथंच बोट ठेवणार. मॅडम पेन्सिलीनं खूण करतात. गावाचं, जिल्ह्याचं, कुणाचंच नाव मी लिहिणार नाही. मुलीची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती हवीच.

९.४०. झेरॉक्सवाल्यानं नुकतंच शटर वर केलंय. बावीस पानं, ४४ रुपये. मॅडम पर्समधून देतात. पैरवीचे हवालदार समन्सचा गठ्ठा घेऊन येतात. पाचपैकी तिघांनाच बजावणी झाली. एक पंच ऊसतोडीला गेलाय, डॉक्टरांची बदली झालीय. “नव्या दवाखान्याचा पत्ता काढा आणि आजच समन्स पाठवा,” मॅडम सांगतात.

१०.००. मायलेकी आल्या. पहाटे साडेपाचची एसटी, बायकांना अर्धं तिकीट म्हणून दोघींचे मिळून ८० रुपये. आईचा खुरपणीचा दिवस बुडाला, त्याचे ३०० वेगळे. कायदा म्हणतो, कोर्टानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलीची साक्ष व्हावी. घटनेच्या वेळी ही १३ वर्षांची होती. आता १५ची आहे.

मॅडम काळा कोट खुर्चीला अडकवतात, गळ्यातला पांढरा बँड पिशवीत टाकतात आणि मुलीला रिकाम्या कोर्टात घेऊन जातात. पट्टेवाला फरशी पुसतोय.

“इथं साहेब बसणार. हा टायपिस्ट. तू बोलशील ते टाइप करणार, म्हणून सावकाश बोल. त्यांचे वकील तुला थेट विचारणार नाहीत. प्रश्न साहेबांना देतील, साहेब तुला विचारतील. कळला नाही तर कळला नाही म्हण. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण.”

“तो दिसंल?”

“नाही. मध्ये पडदा आहे. त्याला ऐकू येईल, पण तू दिसणार नाहीस.”

मुलगी स्वतःच पडद्यामागे जाते. “मम्मे, दिसती का मी?”

“नाही दिसत.”

“चप्पल?”

आई वाकून बघते. “चप्पल दिसती.”

पट्टेवाला पुसणं थांबवतो आणि एक बाकडं ओढून पडद्याच्या खालच्या फटीला आडवं लावतो.

मॅडम मुलीला तिचा जबाब वाचायला देतात. उत्तरं शिकवत नाहीत. मग सांगतात, “मुद्देमालाचं एक पाकीट आहे. त्यात तुझा तेव्हाचा ड्रेस आहे. साहेब विचारतील, ओळखतेस का.” मुलगी बराच वेळ स्वेटरची बाही ओढत राहते. मग मान हलवते.

हे आधी सांगायची सवय मॅडमना एका चुकीनंतर लागली. एका खटल्यात साक्ष चालू असताना लाखेचं सील फोडलं, कपडे बाहेर काढले, आणि तोवर नीट बोलणारी मुलगी गप्प झाली ती झालीच. तारीख पडली. पुढच्या तारखेला घरचे तिला घेऊन आलेच नाहीत. “मी तिला दारातच पाच मिनिटं भेटले होते,” मॅडम म्हणतात. “चूक माझी होती.” तेव्हापासून आधीचा अर्धा तास ठरलेला. त्याचे पैसे कुठल्या बिलात लागत नाहीत.

११.४५. आमचा पुकारा होतो. इन कॅमेरा, म्हणून मलाही बाहेर काढतात. दार बंद होतं.

व्हरांड्यात बसल्या बसल्या देसाईगंजचं ठाणं आठवतं. १९७२. पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर खुणा नाहीत, हे एक कारण होतं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ला कायदा बदलला. तरी फिर्यादी बाईचं चारित्र्य काढून तिची साक्ष पाडायची मुभा पुराव्याच्या कायद्यात होतीच. ती २००२च्या दुरुस्तीनं गेली. अजूनही तसले प्रश्न वळणावळणानं येतात. तेव्हा उठून हरकत घ्यायचं काम सरकारी वकिलाचं. तो फाइलीत डोकं घालून बसला, तर दुरुस्ती कागदावरच राहते.

१.५०. दार उघडतं. मुलगी येते, पाण्याची अर्धी बाटली एका दमात पिते. “दोनदा आठवत नाही म्हणले,” ती मॅडमना सांगते. मॅडम पाठीवर हात ठेवतात. मग भत्त्याचा कागद भरून आईला नाझरच्या खोलीकडे पाठवतात.

२.४५. दुसरा खटला, खुनाच्या प्रयत्नाचा. कुऱ्हाडीचा दांडा, डोक्याला नऊ टाके. आरोपी नवरा, जखमी बायको. ती कठड्यात उभी राहून म्हणते, मी जिन्यावरून पडले. साक्षीदार फितूर. मॅडम परवानगी घेऊन उलटे प्रश्न विचारतात. आवाज चढवत नाहीत.

“दवाखान्यात कुणी नेलं?”

“शेजारणीनं.”

“डॉक्टरांना काय सांगितलं?”

गप्प.

“घरभाडं कोण भरतं?”

“हेच.”

न्यायाधीश मान वर करून बघतात. फितूर साक्षीदाराचं सगळंच वाया जात नाही. दुजोरा मिळेल तेवढं राहतं. केसपेपर आहे, शेजारीण आहे. पुढची तारीख शेजारणीची.

बाहेर नवरा नळापाशी उभा. मॅडम बाईला बाजूला घेतात. “ताई, संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात खर्चाला पैसे मागता येतात. घर सोडावं लागत नाही.” बाई ऐकते. काही बोलत नाही. दोघं एकाच मोटरसायकलवरून जातात.

४.२०. जामिनाचा अर्ज. १६ वर्षांखालच्या मुलीवरचा बलात्कार. सुनावणीला फिर्यादी किंवा त्याच्या वतीनं कुणीतरी हजर हवं. “कळवलंय?” तपास अंमलदार फोन चाचपतात. कळवलेलं नाही. मॅडम तारीख मागून घेतात.

५.५०. उद्याच्या बोर्डावर चौदा प्रकरणं. तिसऱ्यापुढे मॅडम पेन्सिलीनं ‘१० वाजता’ लिहितात आणि मुद्देमाल कारकुनाला फोन लावतात. “उद्याच्या पाकिटात काय काय आहे, ते यादी बघून सांगाल का?”