भेरली माडाचे कुलस्थान आणि त्याची लोकनामे

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या भागांत नुसते 'माड' म्हटले म्हणजे नारळाचा वृक्ष समजला जातो. डोंगरउतारावरील दुसऱ्या एका ताडवृक्षास मात्र 'भेरली माड' अथवा 'सुरमाड' म्हणतात. या दोन वृक्षांचे नाते नावावरून वाटते तितके निकट आहे काय, हा प्रश्न वर्गीकरणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

भेरली माडाचे शास्त्रीय नाव 'कॅरिओटा यूरेन्स' असून ते लिनीअसने १७५३ मध्ये दिले. 'यूरेन्स' म्हणजे दाहक. फळाच्या गरातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे त्वचेची आग होते, त्यावरून हे नाव पडले. याची पाने दोनदा विभागलेली असतात. ताडकुलात हे लक्षण केवळ कॅरिओटा प्रजातीतच आढळते. फुलोरे शेंड्याकडून बुंध्याकडे क्रमाने येतात आणि सर्वांत खालचा फुलोरा फळून गेला की वृक्ष मरतो.

या प्रजातीचे स्थान निश्चित करताना दोन लक्षणे परस्परविरोधी साक्ष देतात. दोन नरपुष्पे व त्यांमध्ये एक स्त्रीपुष्प असे फुलांचे त्रिक भेरली माडात असते. नारळ व पोफळ यांच्या उपकुलाचेही हे लक्षण होय. उलट, पानाचे दल पन्हळीप्रमाणे वरच्या बाजूस उघडे दुमडलेले असते. हे लक्षण ताड व शिंदी यांच्याशी जुळते. नारळाचे दल घराच्या छपरासारखे खाली उघडे असते. उल व ड्रान्सफील्ड यांनी १९८७ मध्ये फुलांना महत्त्व देऊन कॅरिओटास नारळाच्या उपकुलात ठेवले. पुढे डीएनएच्या पुराव्याने पानाची साक्ष ग्राह्य ठरविली, आणि २००५ च्या वर्गीकरणात ही प्रजाती ताड-शिंदीच्या उपकुलात गेली. दक्षिण अमेरिकेतील 'फायटेलिफस' या प्रजातीचेही असेच झाले. तिच्या बीजातील पुष्क हस्तिदंतासारखा कठीण होत असल्याने तिला वनस्पतिज हस्तिदंताचा ताड म्हणतात. १९८७ मध्ये तिच्या गटास स्वतंत्र उपकुलाचा दर्जा होता. २००५ मध्ये तो गट दुसऱ्या उपकुलात अंतर्भूत झाला.

तात्पर्य, भेरली माड हा नावाने माड असला तरी वंशाने ताडाच्या अधिक जवळचा आहे. मल्याळम् भाषेत त्याचे नाव 'चूंडप्पना' असे आहे. त्यातील 'पना' हा शब्द ताडाच्या 'करिंपना' या नावातही येतो. नारळास मात्र 'तेङ्ङ्' हे निराळे नाव आहे. तथापि यावरून मल्याळम् नाव शास्त्रीय व मराठी नाव चुकीचे, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. लोकनामे वंश सांगण्यासाठी निर्माण झालेली नसतात. ताडाची ताडी, शिंदीची शिंदी, तशी माडाची माडी. भेरली माडही रसासाठी छेदला जात असल्याने त्याचे मराठी नाव या उपयोगाशी सुसंगत आहे.

म्हणून क्षेत्रीय अभ्यासात केवळ 'माड' अशी नोंद अपुरी ठरते. नमुन्यासोबत पूर्ण लोकनाम, गावाचे नाव व उपयोग यांचीही नोंद व्हावयास हवी. उपकुल बदलले तरी नमुना पुन्हा तपासता येतो. परंतु रस काढण्याचा व्यवसाय मागे पडून त्याबरोबर नाव लुप्त झाले, तर ते कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा मिळणार नाही.